फॅट का तुटते?

गाय भरपूर दूध देते, अंगाने उत्तम, पण डेअरीच्या मशिनवर फॅट लागते २.६. दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) धरून, त्यामुळे पैसे कापले जातात. मग संशय मशिनवर जातो, नाहीतर नजर लागली म्हणून गोठ्यात काळी बाहुली टांगली जाते. मशिन तपासून घ्यावेच. बाहुली टांगण्यापेक्षा मात्र गव्हाणीत काय पडते ते पाहावे.

वैरण कमी आणि भरडा, पेंड, तेलबिया जास्त झाल्या की फॅट पडते, हे १८४५ पासून नोंदलेले आहे. कारण कळायला दीडशे वर्षे लागली.

दुधातली साधारण निम्मी चरबी कास स्वतः बनवते. वैरणीतले तंतू कोटीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) कुजून जे ॲसिटिक आम्ल तयार होते, तोच तिचा कच्चा माल. उरलेली रक्तातून येते. पूर्वी वाटे की भरडा वाढला म्हणजे हा माल कमी पडतो. पण ॲसिटिक आम्ल बाहेरून दिले तरी फॅट फारशी सुधारली नाही.

खरी गोम कोटीपोटातल्या जिवाणूंमध्ये आहे. तेलातले लिनोलिक आम्ल त्यांना मानवत नाही, म्हणून ते त्याला टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडतात. एरवी मधल्या टप्प्यात दुहेरी बंध ९ आणि ११ व्या कार्बनवर असतात. भरडा जास्त होऊन कोटीपोटात आम्लता वाढली की वेगळे जिवाणू माजतात आणि बंध १० व १२ वर येतात: ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए, म्हणजे लिनोलिक आम्लाचेच एक बदललेले रूप. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटाने २००० साली हे आम्ल गाईंच्या चौथ्या पोटात रोज १० ग्रॅम सोडले. चार दिवसांत फॅट ४० टक्क्यांहून अधिक घटली, दुधाचे प्रमाण मात्र जवळपास तेच राहिले!

कासेच्या पेशीत एसआरईबीपी-१ नावाचे प्रथिन पडद्याला अडकून असते. त्याचा तुकडा कापला जाऊन केंद्रकात गेला की चरबी बनवणारी जनुके (ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज, फॅटी ॲसिड सिंथेज) आणि रक्तातली चरबी ओढणारे लायपोप्रोटीन लायपेज यांचे काम वाढते. सीएलएमुळे हा कापलेला तुकडाच कमी पडतो. जनुक जसेच्या तसे राहते, फक्त त्याचा आवाज कमी होतो, रेडिओचे बटण फिरवावे तसा. म्हणून 'जनुकीय पातळीवर काम करणारी' म्हणून विकली जाणारी पावडर बघून भाळू नये. साधा कडबासुद्धा त्या पातळीपर्यंत पोहोचतो.

आहार सुधारला की दोन-तीन आठवड्यांत फॅट परत येते. भरडा एकदम न देता विभागून द्यावा, सरकी-सोयाबीन बेताने. आणि कुट्टी पिठासारखी बारीक करू नये: रवंथ कमी झाला की लाळ कमी सुटते, आणि कोटीपोटातले आम्ल मारणारा सोडा त्या लाळेतूनच येतो.