ऑफिसचा गाळा राहतं घर होईल का?
गाळेधारकांसाठी माहितीपत्रक

पूर्वी आमच्याकडे लोक घराचं ऑफिस करून घ्यायला यायचे. आता उलटं झालंय. ठाणे, मुलुंडकडचे गाळेधारक विचारतात, "भाडेकरू सोडून गेला, गाळा कुलूपबंद आहे, मेंटेनन्स मात्र चालूच. याचा वन बीएचके करून द्याल का?"

यावर आम्ही आधी एकच विचारतो: मजल्यावरचं टॉयलेट कुठे आहे?

ऑफिसच्या इमारतीत सगळी टॉयलेटं लिफ्ट-जिन्यापाशी एकत्र असतात आणि मैल्याचा उभा पाइपही तिथल्याच डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत). घरांच्या इमारतीत बाथरूमखालची स्लॅब मुळातच खोलगट टाकतात, ऑफिसात ती सपाट असते. मग पाइप न्यायचा कुठून? एक तर स्लॅबला भोक पाडून खालच्या गाळ्याच्या छताला लटकवायचा. हे स्वस्तात होतं, पण खाली सीएचं ऑफिस असेल तर आपल्या फायलींवरून तुमच्या संडासाचा पाइप जाऊ द्यायला तो कशाला लेखी संमती देईल? तोंडी 'हो' म्हटलं तरी पहिल्या गळतीला भांडण ठरलेलं. हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाइप जमिनीवरूनच न्यायचा आणि जमीन उचलायची. चार इंची पाइपला साधारण ४० ला १ असा उतार लागतो. डक्ट ४ मीटरवर असेल तर नुसता उतारच १० सेंटिमीटर खातो. त्यावर पाइप, फिटिंग आणि लादी धरली की बाथरूम नऊ-दहा इंच वर गेलं. डक्ट ८ मीटरवर असेल तर फुटाच्या वर, आणि वाटेतली खोलीही उचलावी लागते. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. बारा फुटी मजल्यात हे बसतं, दहा फुटीत नाही.

उचललेल्या जमिनीचं वजनही धरा. ऑफिसची स्लॅब घराच्या स्लॅबपेक्षा जास्त भाराला डिझाइन करतात (घराला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, ऑफिसला २५० ते ४००), म्हणून पुष्कळांना वाटतं, काळजी नाही. पण विटांच्या तुकड्यांचा दहा इंची कोबा एकटाच दर चौरस मीटरला ४०० किलोच्या वर जातो! म्हणून आम्ही हलका भराव वापरतो, आणि आरसीसी कन्सल्टंटची (इमारतीच्या मजबुतीचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरची) सही झाल्याशिवाय गवंडी आत येत नाही.

पाण्याचा हिशेबही बदलतो. ऑफिसला माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात, घराला १३५. शिवाय ऑफिसच्या सोसायटीत रविवारी पंप बंद आणि रात्री लिफ्ट बंद, असा प्रकार असतो. राहायला जाण्याआधी हे सेक्रेटरींशी बोलून घ्या.

आता उजेड. खोल गाळ्याला एकाच बाजूला काच, तीही न उघडणारी. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश खिडकी लागते, म्हणजे १२० चौरस फुटांच्या बेडरूमला २० चौरस फूट. मागची अंधारी जागा स्टोअरला किंवा बाथरूमला द्या, बेडरूमला नको. इंग्लंडने २०१३ मध्ये ऑफिसांची घरं करायला सूट दिली, तेव्हा खिडकीच नसलेल्या खोल्यासुद्धा घर म्हणून दिल्या गेल्या. शेवटी २०२० मध्ये नैसर्गिक उजेडाची अट आली आणि २०२१ मध्ये किमान आकाराची, एका माणसाच्या घराला ३७ चौरस मीटर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. वापर बदलायला पालिकेची परवानगी लागते. मुंबईत 'डीसीपीआर २०३४' ही विकास नियंत्रण नियमावली (२०३४ हे आराखड्याचं लक्ष्यवर्ष), ठाण्यात २०२० ची एकत्रीकृत नियमावली. सोबत सोसायटीची आणि अग्निशमन दलाची ना हरकत. कमर्शियल मजल्यावर एकट्या गाळ्याचं घर मंजूर करून घेणं जिकिरीचं असतं. शेजारचे गाळेधारक मिळून पूर्ण मजल्याचा प्रस्ताव आणला तर जिना, पार्किंग, पाणी सगळंच नीट मांडता येतं. आयटीच्या नावावर जादा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) घेतलेली इमारत किंवा एमआयडीसीच्या लीजवरची जमीन असेल तर आधी लीजची आणि मंजुरीची कागदं दाखवा. तिथे आम्ही बहुतेक वेळा 'नका करू' असंच सांगतो.

"आधी राहायला जाऊ, परवानगीचं नंतर बघू" असं म्हणणारे बरेच भेटतात. कागदावर गाळा कमर्शियल असेपर्यंत बँक गृहकर्ज देत नाही, वीजबिल घरगुती दराने येत नाही, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक त्याच कागदावर बोट ठेवतं. परवानगीशिवाय काम आम्ही घेत नाही, ओळखीचं असलं तरी.

पहिल्या भेटीची फी घेतो, काम आमच्याकडे आलं तर ती बिलात वळती करतो. भेटीला येताना मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि शेवटचं मालमत्ता कराचं बिल आणा. नकाशा सापडत नसेल तर गाळ्याच्या दारापासून टॉयलेटच्या डक्टपर्यंतचं अंतर टेपने मोजून आणा, बोलायला तेवढ्यावरही सुरुवात होते.