नातेवाईक वॉर्डाबाहेर की वॉर्डात? खान्देशातल्या नर्सिंग संशोधनामागची गोष्ट

सध्या धुळे-जळगाव-नंदुरबार पट्ट्यात नर्सिंगचं एमएस्सी करणाऱ्या पोरापोरींना थिसिसचा विषय विचारला तर बऱ्याचदा त्यात पेशंटसोबतचा माणूस येतो. लकवा मारलेल्या सासऱ्याला सांभाळणारी सून, नवऱ्याला डायलिसिसला घेऊन येणारी बाई, पेटीत ठेवलेल्या बाळाची आई. विषय नवा वाटतो पण त्यामागे बरंच काही घडून गेलंय आणि ते माहीत नसलं की आजच्या प्रश्नावल्या अशा का आहेत तेच कळत नाही.

जुनं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे नर्सिंगची डिग्री 1946 ला दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली, मास्टर्स 1959 ला, आणि देशपातळीवर पीएचडीची एकत्रित सोय व्हायला 2005-06 उजाडलं. म्हणजे नर्सने स्वतः प्रश्न विचारून स्वतः उत्तर शोधायचं हे आपल्याकडे अजून तसं कोवळंच आहे. त्याआधीची सगळी ट्रेनिंग इंग्रज साहेबाच्या हॉस्पिटलच्या शिस्तीची, भेटायची वेळ ठरलेली, घंटा झाली की नातेवाईक बाहेर. आता ही शिस्त कागदावर होती. सिव्हिलमध्ये रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, तिथे सलाईन संपत आलं की हाक मारणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं, नळीतून पेज घालणं हे सगळं घरचाच माणूस करत आलाय. काम त्याच्याकडून करून घ्यायचं आणि राऊंडच्या वेळी त्यालाच बाहेर घालवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

याला अपवाद पूर्वीही होते. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून पेशंटच्या घरच्यांना सोबत राहू दिलं होतं आणि वेल्लोरलाही मानसोपचारात कुटुंबासकट भरती करून घ्यायची पद्धत रुजली. पुढे 1981 मध्ये भारतातच, मानसिक रुग्णाच्या घरावर किती भार पडतो ते मोजायची मुलाखत-पद्धत तयार झाली. त्याच सुमारास, 1980 ला, अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला सांभाळणाऱ्यांसाठी भार मोजायची प्रश्नावली आली आणि तिचं 22 प्रश्नांचं रूप आज आपल्याकडच्या थिसिसमध्ये सर्रास दिसतं. मला विचाराल तर खरी गडबड इथूनच सुरू होते. त्यात विचारतात की पेशंटमुळे तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का, पेशंटची लाज वाटते का, राग येतो का. आता शिरपूर नाहीतर पारोळ्याकडची सून, कॉटवर सासरा, शेजारी सासू बसलेली, आणि समोर पांढऱ्या एप्रनमधली पोरगी छापील मराठीत हे विचारतेय. ती काय उत्तर देणार? "नई वं बाई, आपलंच माणूस शे." झालं, भार कमी असल्याची नोंद. हीच सून दुपारी नळावर डबा धुताना दुसऱ्या पेशंटच्या बाईला सगळं सांगते, रात्रीची झोप नाही, कपाशी वेचायची राहिली, माहेरी जाऊन वर्ष झालं. ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

संस्कृतीचा विचार करून सेवा द्यायची ही कल्पना बाहेरून आली, म्हणजे एका अमेरिकन नर्सने 1960 च्या दशकात न्यू गिनीच्या डोंगरात लोकांमध्ये राहून मानववंशशास्त्र अभ्यासलं आणि त्यातून नर्सिंगचा एक सिद्धांतच मांडला. न्यूझीलंडमध्ये तर 1992 पासून नर्सिंगच्या शिक्षणात तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या अनुभवातून आलेला हा भाग सक्तीचा झाला आणि त्यावर तिथे बराच गदारोळही झाला. आपल्या अभ्यासक्रमात हे सिद्धांत पाच मार्कांच्या प्रश्नापुरते आले. सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी, मावची, कोकणा अशी माणसं, खाली अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, आणि परीक्षा इंग्रजीत.

आता ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि अजूनही आहे त्याकडे येतो. 2016 मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत घरची एक बाई ठेवायला केंद्राने परवानगी दिली, ती फारशी गाजली नाही. पण 2017 मध्ये त्याहून मोठी गोष्ट झाली. एसएनसीयूमध्ये, म्हणजे कमी वजनाची, आजारी बाळं ठेवतात त्या कक्षात, आईबापाला आत घ्यायचं आणि बाळाची साधी काळजी त्यांच्याकडून करून घ्यायची अशी मार्गदर्शक तत्त्वं आली. हात कसे धुवायचे, आत कसं यायचं, बाळाला कसं धरायचं, छातीशी उघडं कसं लावायचं, घरी गेल्यावर काय बघायचं, हे टप्प्याटप्प्याने व्हिडिओ दाखवून शिकवायचं. जिथे वर्षानुवर्षं काचेबाहेरूनच बघायची परवानगी होती तिथे थेट आत!

सिस्टर लोकांचा विरोध होता आणि तो उगाच नव्हता. इन्फेक्शन झालं तर नाव आमचं येणार, जागा अपुरी, एका पेटीत कधी दोन बाळं, त्यात शिकवायचं कोणी आणि कधी. यामागे जो दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातला अभ्यास होता तो 295 बाळांचा. त्यात आईबाप आत आल्यामुळे इन्फेक्शन वाढल्याचं दिसलं नाही, आणि सुट्टीच्या आधी फक्त आईचं दूध घेणारी बाळं साधारण 80 टक्के, बाहेर ठेवलेल्या गटात 67 च्या आसपास. वाद इथे संपायला हवा होता पण संपला नाही, कारण दिल्लीचा दवाखाना वेगळा आणि आमचा वेगळा असं म्हणणं कायम राहिलं. मग 2021 ला पाच देशांतला, त्यात भारतही होता, मोठा अभ्यास आला, जन्मल्याबरोबर लगेच आईच्या छातीशी लावलेल्या 1 ते 1.8 किलोच्या बाळांमध्ये 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 15.7. फरक इतका ठळक की अभ्यास मधेच थांबवला. त्यासाठी आईची कॉट बाळाच्या कक्षातच हलवली होती. माझ्या मते यानंतर आईला बाहेर ठेवायला कारणच उरत नाही, उरतो तो मनुष्यबळाचा प्रश्न, आणि तो सिस्टरांच्या अंगावर ढकलायचा नाही तर जागा भरून सोडवायचा.

नंदुरबारकडे मात्र यात आणखी गुंते आहेत जे दिल्लीच्या अभ्यासात येणं शक्य नव्हतं. बाप ऊसतोडीला गुजरातेत. आईसोबत सासू आलेली, कडेवर दुसरं लेकरू, आणि एसएनसीयूत मोठं लेकरू चालत नाही, मग आई बाळापाशी बसणार कशी? मोलगी-धडगावहून आलेल्या बाईला रोज ये-जा शक्य नाही, घरी बकऱ्या, मजुरी बुडते. पाचवा दिवस आला की पाचवी पुजायला घरी न्यायचं म्हणून सुट्टी मागतात, नाही दिली तर डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी. इथे काही समजदार सिस्टर मी बघितल्यात ज्या म्हणतात पूजा इथेच बाहेर करा, बाळाला टिळा आम्ही लावतो, बाळ राहू द्या. बहुतेक वेळा घरचे ऐकतात. याच्यावर कोणी नीट अभ्यास करून लिहिलं पाहिजे, खरं संशोधन हेच आहे, पण थिसिसमध्ये विषय पडतो "अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता", साठ जणांचा नमुना, आधी प्रश्नावली, मग पाऊण तास फ्लिपचार्ट, आठवड्याने तीच प्रश्नावली. गुण वाढतातच, कोणाचेही वाढतील. घरी गेल्यावर बाळ छातीशी लावलं का ते बघायला कोणी पाड्यावर जात नाही, कारण सबमिशनची तारीख असते आणि गाईडला पण ते माहीत असतं.

नातेवाईकाला शिकवून फायदा होत नाही असंही एक मत आहे आणि त्याला आधार म्हणून 2017 चाच दुसरा एक अभ्यास दाखवतात. भारतातली 14 हॉस्पिटलं, लकव्याचे 1250 पेशंट, निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि सेवा शिकवली, निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे मृत्यू किंवा परावलंबित्व सारखंच, 47 टक्के. आकडे खरे आहेत. पण मला वाटतं यातून कुटुंब निरुपयोगी ठरत नाही, कारण आपल्याकडे ज्या घरांना काही शिकवलं नाही ती घरंसुद्धा हातपाय चोळतात, धरून चालवतात, उठवून बसवतात. म्हणजे तुलना सेवा विरुद्ध सेवा अशीच होती. शिकवण्यातून नवीन काय मिळालं हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारला, सेवाच काढून घेतली तर काय होतं हा नाही.

तो दुसरा प्रश्न 2020 ने विचारला. कोविडमध्ये सगळ्यांना बाहेर काढलं, आणि त्या जूनमध्ये जळगावात एक म्हातारी आजी वॉर्डातून बेपत्ता म्हणून शोध सुरू असताना काही दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात मृत सापडली. देशभर बातमी झाली, कारवाया झाल्या. पण एवढं लिहिलं पाहिजे की तिच्याजवळ घरचं एक माणूस असतं तर हे झालं नसतं, आणि त्या काळात किती पेशंटमागे किती सिस्टर होत्या तेही त्याच वाक्यात लिहिलं पाहिजे. त्यानंतर अनेक ठिकाणी नातेवाईक पुन्हा आत आले ते कुठल्या परिपत्रकाने नाही, गरजेपोटी आले.

या सगळ्यात खान्देशात शिकवण्याची सरकारी रुग्णालयं फार उशिरा आली. धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज 1989 चं, जळगावचं 2018, नंदुरबारचं 2020. नंदुरबार जिल्हाच 1998 चा. तोवर डोंगरातला पेशंट म्हणजे गाडी करून धुळे नाहीतर सुरत, सोबत चार माणसं, आणि त्या चार माणसांशी कोणत्या भाषेत बोलायचं याचा कुणी विचार केलेला नाही. आजही पावरी बोलणारी बाई आली की वॉर्डातल्या मावशींना बोलावतात, त्या झाडू बाजूला ठेवून दुभाषाचं काम करतात, त्याचं नाव केसपेपरवर नसतं आणि पगारातही नसतं. अहिराणीचं जरा बरं आहे, "काय व्हयनं वं माय" म्हणणारी सिस्टर सहज भेटते आणि पेशंटचा चेहरा तिथेच सैल होतो.

सध्याचा नवा विषय सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत हा आजार संपवायचं ठरलंय, तपासण्या नंदुरबारात जोरात होतायत. पण रोज गोळी द्यायची, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, दुखणं उठलं की कधी न्यायचं ते ओळखायचं, हे सगळं घरातली बाई करणार. शिवाय वाहक (स्वतःला त्रास नाही पण पोरांत आजार जाऊ शकतो) असल्याचं कार्ड हातात आलं की पोरीच्या लग्नाचं काय हा प्रश्न लगेच उभा राहतो, म्हणून काही घरांत कार्ड डब्यात जातं. आता पाड्यांवरच्या पोरी नर्सिंगचं एएनएम, जीएनएम, बीएस्सी करून येतायत, त्यांना हे घरातून माहीत आहे. निदान त्यांच्या थिसिसला तरी 22 प्रश्नांची आयती प्रश्नावली देऊ नका, पावरीत, भिलीत मुलाखती घेऊ द्या आणि पाड्यावर परत जायला वेळ आणि गाडीभाडं द्या.