अमेरिकी शाळांची उन्हाळी सुट्टी शेतीसाठी नव्हती

अमेरिकेतल्या सरकारी शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी का? 'पूर्वी मुलं शेतात राबायची म्हणून,' हे उत्तर तिथल्या शिक्षकांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे देतात. ते चूक आहे.

शेतीचं वेळापत्रकच पाहा ना. पेरणी वसंतात, कापणी शरदात. हात लागतात ते तेव्हा. म्हणून एकोणिसाव्या शतकात खेड्यातली शाळा हिवाळ्यात आणि भर उन्हाळ्यात भरायची. हिवाळ्यात थोराड मुलं येत, उन्हाळ्यात बहुतेक लहानगी. मेन राज्यातल्या आरूस्टुक कौंटीत तर विसाव्या शतकातही शाळा ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात काही आठवडे बंद राहायच्या, कारण बटाटे काढायचे असत. खरी शेतीची सुट्टी ती!

शहरांत मात्र 1840च्या सुमारास शाळा जवळजवळ वर्षभर चालत. कोंदट वर्ग, रोगराईची धास्ती, पैसेवाली कुटुंबं समुद्रकिनारी निघून गेलेली. हजेरीची सक्तीही नव्हती, त्यामुळे उन्हाळ्यात बाकं रिकामी राहत. पुढे शिक्षणखात्यांनी शहर आणि खेडं एका वेळापत्रकात बसवलं. शहरांचे दिवस कमी झाले, खेड्यांचे वाढले आणि उन्हाळा मोकळा राहिला. आज बहुतेक राज्यांत शाळेचे दिवस 180च्या आसपास आहेत.

त्यामुळे 'शेती संपली, आता सुट्टी कमी करा' हा युक्तिवाद मला पटत नाही. सुट्टी कमी करायची तर कारण आजच्या मुलांच्या गरजेतून द्यावं.