क्लिंडामायसिन क्रीम (योनिमार्गासाठी)

क्लिंडामायसिन क्रीम (योनिमार्गासाठी) : बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘बीव्ही’, या विकारावर चिठ्ठीनेच घ्यायचे प्रतिजैविक मलम. त्यात क्लिंडामायसिन २ टक्के असते. नेहमीची मात्रा ५ ग्रॅम क्रीम, म्हणजे १०० मिलिग्रॅम औषध, रात्री झोपताना, सलग ७ रात्री. औषध साधे आहे आणि बहुतेकींना लागू पडते. अडचण असते ती त्याच्या आधी. कोल्हापुरात ‘अंगावरनं पांढरं जातंय’ एवढे सांगून थांबणाऱ्या बाईला न तपासता ट्यूब दिली, तर तिच्या सातही रात्री फुकट जाऊ शकतात.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणूंचे राज्य असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्ल राखतात. हे जिवाणू कमी झाले की गार्डनेरेला व्हजायनॅलिस आणि ऑक्सिजनविना वाढणारे इतर अनेक जिवाणू फोफावतात. १९५५ मध्ये अमेरिकेतील गार्डनर व ड्यूक्स यांनी या विकाराचा संबंध एकाच जिवाणूशी जोडला होता. हा एकट्याचा उद्योग नसून सगळी वस्तीच बदललेली असते, हे पुढे कळले. लक्षणे ठरावीक : पातळ, करडट पांढरा, एकसारखा स्राव आणि त्याला माशासारखा वास. हा वास संबंधानंतर आणि पाळीच्या दिवसांत जास्त जाणवतो. खाज व आग सहसा कमी असते. अनेक स्त्रियांना तर काहीच जाणवत नाही, आणि गरोदर नसलेल्या अशा स्त्रीला बहुधा औषधाची गरजही नसते.

निदानासाठी १९८३ पासून ‘ॲम्सेल निकष’ वापरले जातात. वरीलप्रमाणे स्राव, ४.५ पेक्षा जास्त पीएच, स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा माशाचा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकलेल्या ‘क्ल्यू’ पेशी, या चारांपैकी तीन गोष्टी सापडल्या की निदान पक्के. प्रयोगशाळेत ग्रॅम रंगक्रिया (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) करून ‘न्यूजेंट गुण’ही देतात (१९९१) : ० ते ३ सामान्य, ४ ते ६ मधली अवस्था, ७ ते १० बीव्ही. पहिल्या तीन निकषांना लागते काय, तर पीएचची पट्टी, काचपट्टी आणि एक थेंब. एवढे करायला कुठल्याही दवाखान्यात दहा मिनिटे पुरतात. तरीही ते क्वचितच होते.

ते टाळल्याचा फटका असा बसतो. बुरशीचा संसर्ग असेल तर स्राव फुटक्या दुधाच्या चोथ्यासारखा असतो, खाज असह्य होते. तिथे क्लिंडामायसिन चालत नाही, उलट त्रास वाढवू शकते. ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी असेल तर पिवळसर हिरवा, फेसाळ स्राव येतो. त्याला मेट्रोनिडाझोलसारखी गोळी लागते, आणि तीही नवरा-बायको दोघांना. पाळीच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणात येणारा स्वच्छ, वासरहित स्राव हा आजारच नव्हे. आणि पाळी गेल्यानंतर रक्तमिश्रित, दुर्गंधी पाणी जात असेल, तर मलमाचा विचार बाजूला ठेवून गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आधी व्हायला हवी.

कोल्हापुरात अशी तक्रार घेऊन बाई बहुधा उशिरा येते. आधी ‘उष्णता’ झाल्याचे ठरते, तांबडा रस्सा बंद होतो, सब्जा आणि धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते. मग कुणीतरी तुरटीच्या पाण्याने आतून धुवायला सांगते. रस्सा सोडल्याने बीव्ही जात नाही (आणि खाल्ल्याने होतही नाही). आतून धुणे मात्र खरोखर अपायकारक आहे, कारण उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही त्यात वाहून जातात. तांबी बसवलेल्या स्त्रियांत बीव्ही अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत, पण म्हणून घाईने तांबी काढायची नसते.

सरकारी व्यवस्थेत या तक्रारीला बहुधा क्रीम मिळत नाही. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मधून लक्षणांवर आधारित उपचार दिले जातात. योनिस्रावासाठी हिरव्या रंगाचा संच असतो, त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. बीव्ही, ट्रायकोमोनास आणि बुरशी या तिन्हींवर एकदम पांघरूण घालणारी ही युक्ती आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या उपकेंद्रात ती समजण्यासारखी आहे. मात्र सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सारख्या, जुन्या कोल्हापूरकरांच्या ‘थोरल्या दवाखान्या’त, जिथे वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, तिथे काचपट्टी पाहून निदान करता येते. क्रीम प्रामुख्याने खाजगी डॉक्टर लिहितात. औषध दुकानांत तिच्याबरोबर मिळतात त्या क्लिंडामायसिन १०० मिलिग्रॅम व क्लोट्रिमाझोल २०० मिलिग्रॅम एकत्र असलेल्या, योनिमार्गात ठेवायच्या कॅप्सूल. त्या बीव्ही आणि बुरशी या दोन आजारांवर एकदम नेम धरतात. निदान मात्र करून देत नाहीत.

तपासणीचा हा अभाव जुना आहे. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. कोल्हापूर जिल्ह्याचा साखरपट्टा त्याहून कितीतरी सधन. पण हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतील बायकांना फडाजवळ ना न्हाणीघर मिळते, ना दवाखान्यासाठी सुट्टी; खाडा केला की मजुरी बुडते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया राज्यभर गाजल्या, त्यांत पांढरे जाणे व ओटीपोटात दुखणे अशाही तक्रारी होत्या. जिथे आठवडाभराचे औषध पुरले असते तिथे ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळणे, हे या विषयातले सर्वांत संतापजनक प्रकरण आहे.

वापरण्याची पद्धत : ट्यूबचे झाकण काढून त्यावर ॲप्लिकेटर फिरवून बसवतात, दट्ट्या खुणेपर्यंत मागे येईस्तोवर ट्यूब दाबतात, मग ॲप्लिकेटर सोडवून घेतात. पाठीवर निजून, गुडघे वर घेऊन तो हलक्या हाताने, सहज जाईल तेवढाच आत सरकवायचा आणि दट्ट्या पूर्ण दाबायचा. रात्रीची वेळ सांगतात ती औषध बाहेर ओघळू नये म्हणून. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर सुरुवात करणे बरे. उपचाराच्या दिवसांत संबंध टाळायचे. वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेला तरी सात रात्री पुऱ्या करायच्या. खरेदी करताना एक हिशेब पाहावा : ५ ग्रॅमच्या ७ मात्रांना ३५ ग्रॅम क्रीम लागते, लहान ट्यूब घेतली तर ती मध्येच संपते. याच औषधाचे मुरुमांवरचे १ टक्क्याचे जेलही दुकानात असते. नाव सारखे म्हणून ते योनिमार्गात वापरू नये.

क्रीम तेलयुक्त असल्याने रबरी निरोध कमकुवत होतो. म्हणून उपचारादरम्यान आणि नंतरचे ५ दिवस निरोधावर भरवसा ठेवता येत नाही. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, आणि गर्भनिरोधनासाठी फक्त निरोध वापरणाऱ्या जोडप्याला नेमकी तीच माहीत असायला हवी. औषधाचा थोडाच भाग, सुमारे ५ टक्के, रक्तात शोषला जातो. तरीही पातळ जुलाब लागले, विशेषतः त्यात रक्त दिसले, तर क्रीम थांबवून डॉक्टरांकडे जावे. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व व्रण) असलेल्या, किंवा पूर्वी प्रतिजैविकांमुळे आतड्याला सूज आलेल्या स्त्रियांना ती देत नाहीत. काहींना उपचारानंतर बुरशीचा संसर्ग होतो. गरोदरपणात बीव्हीचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आढळतो. त्रास होत असेल तर उपचार करतातच, पण गोळी की क्रीम हे डॉक्टरांनी ठरवायचे.

क्लिंडामायसिन हे लिंकोमायसिनपासून बनवलेले रूप. लिंकोमायसिन ज्या जिवाणूपासून मिळाले तो अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराच्या मातीत सापडला होता. क्लिंडामायसिन जिवाणूंच्या रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, ५०एस भागाला चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती रोखते. मेट्रोनिडाझोलच्या ५०० मिलिग्रॅम गोळ्या दिवसातून दोनदा ७ दिवस घेतल्या, किंवा त्याचे ०.७५ टक्क्याचे जेल ५ दिवस वापरले, तरी गुण जवळपास तितकाच येतो. गोळीने मळमळ होणाऱ्या, तोंड कडवट पडणाऱ्या स्त्रियांना क्रीम सोयीची.

बीव्ही परत येतो, आणि वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा होऊ शकतो. योनिमार्गाच्या अस्तरावर जिवाणूंचा चिवट थर उरतो, हे एक कारण. दुसऱ्याची चर्चा अलीकडे वाढली आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत एकनिष्ठ जोडप्यांमधील पुरुषांनाही ७ दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला हीच २ टक्क्यांची क्रीम दिली. बारा आठवड्यांत पुन्हा बीव्ही झालेल्या स्त्रिया त्या गटात ३५ टक्के होत्या, फक्त स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के. वारंवार बीव्ही होणाऱ्या बाईने पुढच्या खेपेला सासूला किंवा जावेला सोबत नेण्याऐवजी नवऱ्याला न्यावे, असा या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ आहे.