छोट्या तंबोऱ्याचा खर्ज कुठं जातो? थोडी पार्श्वभूमी

आमच्या बेळगावातले दोघं गाणारे, एक बाई नि एक बुवा, मिरजेच्या एका कारागिराकडनं तीन-साडेतीन फुटी तंबोरा नव्यानं घडवून घेतायत. ऐकणारा प्रत्येक जण एकच विचारतो, दुकानात छोटे तानपुरे मिळतात की, मग हा उद्योग कशाला? म्हणून मागचं जरा लिहून ठेवतो.

मिरजेत हे काम सुरू झालं १९ व्या शतकाच्या मध्यावर. फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांतले. हत्यारांचा धंदा बसत चाललेला, इकडं पटवर्धन सरकारांकडं गाणारे-वाजवणारे यायचे, त्यांची मोडकी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला लागले. पुढं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, १९३७ ला गेले तेव्हा दफनही तिथल्या दर्ग्यातच झालं. वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालायचा, त्यामुळं गाणाऱ्यानं कारागिराशेजारी बसून हे घास, ते सोड असं सांगायचं ही काय आजची फॅशन नव्हे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तो याच पेठेच्या कामाला.

आता पुरुषी तंबोरा म्हणजे साधारण पाच फूट. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दिसायला दणकट पण एका धक्क्यात तडकणारा. हे घेऊन बेळगावहून खानापूर नाहीतर निपाणीला वडापमधनं (शेअर जीपमधनं) जाऊन बघा. एसटीत कंडक्टर तिकीट मागतो (कर्नाटकचा असो की महाराष्ट्राचा, या बाबतीत सीमावाद नाही), आणि सगळा प्रवास भोपळा मांडीवर घेऊन, लेकरासारखा. छोटं वाद्य हवं ही मागणी अशी हाडामांसाची आहे. वारकऱ्यांनी तर ती कधीच सोडवली, दिंडीतली गळ्यातली वीणा म्हणजे उभ्यानं वाजवायचा तंबोराच. पण तिथं टाळ-मृदंगात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, चौकशी कोण करतो?

बैठकीत मात्र खर्जावरच सगळं उभं असतं. चार तारा: पंचम, दोन जोडीच्या, आणि शेवटची जाड पितळी खर्जाची. बुवा पांढरी एकला (पेटीची ती पट्टी सा धरून) गात असतील तर खर्ज साधारण ६५ हर्ट्झला येतो. मोठ्या तंबोऱ्यात तारेची वाजती लांबी मीटरभर असते. ती ७० सेंटीमीटरवर आणली आणि तार तीच, सूर तोच ठेवला, तर ताण निम्म्यावर येतो, कारण ताण लांबीच्या वर्गात कमी होतो. मग तार ढिली पडते, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) फडफडते. बरं जाड तार लावावी तर ती ताठ होते आणि जवारी, म्हणजे तार घोडीला घासून उठणारा झणझणीत नाद, उघडत नाही, नुसतं ढब्ब ढब्ब. लहान तंबोरा म्हणजे मोठ्याची झेरॉक्स काढून छोटी केली असं चालत नाही, ते यामुळं.

हे दुखणं एकट्या तंबोऱ्याचं नाही. बास गिटारची नेहमीची तार ३४ इंची, खालचा सूर ४१ हर्ट्झ. १९८० च्या दशकात इंग्लंडात ॲशबरी नावाचा १८ इंची बास निघाला, त्याला तारा सिलिकॉन रबराच्या. पुढं युकुलेलेएवढे बास आले त्यांना पॉलियुरेथेनच्या, जाडजूड पण लवचिक. लांबी गेली ती जाडीनं भरून काढली, आणि वरचे बारीक स्वर मेले तरी बासचं काही अडत नाही, शिवाय आवाज पिकअपमधनं अँप्लिफायरला जातो. आपल्याला ते जमत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवलंय की नियमानं तार जिथं छेडाल तिथं गाठ (थरथर नसलेली जागा) असलेला स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेला वरचा बारीक सूर, गप्प राहायला पाहिजे, पण तंबोऱ्यात तोही वाजतो, आणि ही करामत रुंद घोडीची. म्हणजे आपला खर्ज त्याच्या वरच्या स्वरांशांच्या झालरीनंच कळतो. रबराला ती झालर कुठली यायला!

तिसरी वाट इलेक्ट्रॉनिकची. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांचा पेटीतला तानपुरा १९७९ च्या सुमाराचा, आता तर मोबाईलच. मोबाईलच्या स्पीकरमधनं ६५ हर्ट्झ धड बाहेर पडतच नाही, वरच्या स्वरांशांवरनं कान आपला अंदाज करतो. रियाजाला चालतं. पण शेजारी बसून लाकूड थरथरतंय हे त्यात नाही.

तर आमच्या मंडळींचं. पहिलं वाद्य बॉक्स तानपुरा, भोपळा नाही, खुंट्यांऐवजी गिटारच्या चाव्या. चाव्या झकास, प्रवासात सूर उतरत नाही. पण बुवांनी छेडून बघितलं नि म्हणाले, "वाजायलाय, पण बोलंना झालाय." दुसऱ्या खेपेला वाजती लांबी ७६ सेंटीमीटर केली, खोकं खोल केलं, खर्जाची तार आधीपेक्षा एका नंबरानं जाड. मी त्या दिवशी तिथंच होतो. कारागीर कानशीनं घोडीवर दोन हात मारणार, दोरा तारेखाली सरकवणार, बुवा डोळे मिटून सा लावणार, "नाही, अजून बंद आहे," की पुन्हा तार उचला, पुन्हा कानस. दोरा गव्हाच्या दाण्याएवढा इकडंतिकडं झाला तरी आवाज पार वेगळा. सुळेभावीच्या मातीतले कुमार गंधर्व तंबोरे लावायला इतका वेळ का घेत ते तेव्हा जरा उमगलं, आणि माझी परतीची गाडी चुकली.

बाई काळी चारला गातात. त्यांचा खर्जच १०४ हर्ट्झच्या आसपास, म्हणून ७६ सेंटीमीटरवरही बारीक तारेला चांगला ताण बसतो. त्या दुसऱ्याच खेपेला आपला तंबोरा घेऊन घरी आल्या. बुवांचा अजून मिरजेतच आहे, तबली (खोक्याची वरची लाकडी फळी) पातळ करायला दिलीय.