पाय गरम, अंगात हुडहुडी

गेल्या महिन्यात वहिनीचं सिझेरियन झालं. रिकव्हरीत आणल्यावर दहा मिनिटांत तिला हुडहुडी भरली. दात कडकड वाजत होते, खांदे थडथडत होते, कमरेखाली मात्र सगळं निपचित. आत्या म्हणाली, "वारा लागला." दादा म्हणाला, "थिएटरचा एसी." मी तिच्या तळपायांना हात लावला, तर ते चांगले ऊबदार! थंडीने कापणाऱ्या बाईचे पाय गरम कसे?

आपल्या शरीराचं तापमान सगळीकडे सारखं नसतं. हृदय, मेंदू, यकृत हा गाभा 37 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. हातपाय एरवी त्याहून 2 ते 4 अंशांनी गार. हा फरक राखतात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या. गारवा जाणवला की त्या आवळतात आणि गाभ्याची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. आवळून राहण्याचा हुकूम त्यांना पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंतून मिळतो. वहिनीला दिलेली स्पायनल भूल, म्हणजे कण्यात सुई देऊन कमरेखाली दिली जाणारी भूल, नेमके हे तंतू बधिर करते. वेदना थांबते, हालचाल थांबते आणि हा हुकूमही थांबतो. पायांतल्या वाहिन्या सैलावतात, गाभ्यातलं गरम रक्त तिकडे धावतं. पाय तापतात, गाभा निवतो आणि बधिर न झालेलं वरचं अंग कापू लागतं. एसीने भर पडते हे खरं, पण सुरुवातीची मोठी घट होते ती ऊब अंगातल्या अंगात सरकल्यामुळे.

पूर्ण भुलेतही वाहिन्या सैलावतात आणि पहिल्या तासात गाभा साधारण 1 ते 1.5 अंशाने उतरतो. तिथे आणखी एक गोष्ट घडते. मेंदूतला हायपोथॅलॅमस एरवी अंशाच्या काही दशांशांचा फरकही खपवून घेत नाही. पूर्ण भुलेत मात्र 2 ते 4 अंश घसरेपर्यंत तो स्वस्थ असतो, म्हणून टेबलावर रुग्ण कापत नाही. भूल उतरली की जुनी मर्यादा परत लागू होते, गाभा तर 35.5 वर आलेला! मग स्नायू थडथडवून उष्णता तयार करण्याचा आदेश सुटतो.

या थडथडीत प्राणवायूची गरज दुपटीवरही जाऊ शकते. हृदय अशक्त असेल तर ते जड जातं. गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, जखमाही चिघळतात. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात (1996) आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या 200 रुग्णांपैकी ज्यांना उबेत ठेवलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग 6 टक्के होता, गार राहिलेल्यांत 19 टक्के.

सिस्टरने आधी ओली चादर काढली, कोरडं ब्लँकेट घातलं, त्याखाली गरम हवेचा वॉर्मर लावला. थरथरत्या गार बोटावर ऑक्सिमीटरचा आकडा टिकेना, तेव्हा तिने ते बोट आपल्या मुठीत धरून ठेवलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. दर 15 मिनिटांनी पोटावर हात दाबून गर्भाशय आवळलंय का, पॅड किती भिजलंय, हे ती पाहत होती. आत्याने पायांशी ठेवायला गरम पाण्याची पिशवी आणली होती. ती सिस्टरने लगेच काढून घेतली. बधिर पायाला चटका कळत नाही. कातडी भाजते आणि रुग्ण शांत पडून राहतो.

कानात बोळे आणि डोक्याला रुमाल यांनी अपाय नाही. पण बाळंतिणीला कानातून वारा शिरतो हे साफ खोटं आहे. त्या समजुतीपायी सिस्टरला हाक मारायला उशीर झाला, तर ते धोक्याचं.

उपाय खरं तर भुलेच्या आधीच करता येतो. अर्धा तास आधी रुग्णाला गरम पांघरुणात ठेवलं, तर हातपाय उबेने भरलेले असतात. मग गाभ्यातून सरकायला उतार कमी उरतो. शस्त्रक्रियेआधी हे जरूर विचारा.

अर्ध्या तासात वहिनीचे दात वाजायचे थांबले आणि तिने बाळ मागितलं. दोनेक तासांनी सिस्टर म्हणाली, "ताई, अंगठा हलवा बघू." अंगठा किंचित हलला. मी तळव्याला हात लावला. तो गार पडू लागला होता.