परिशिष्टातली आकृती ते दारांचं शहर: प्लेनस्केपची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळाचा नवा गट जमला आणि त्याने त्यातलं प्लेनस्केप हे अनेक विश्वांचं जग निवडलं, की पहिली चूक ठरलेली: डीएम (खेळ चालवणारा) विश्वांचा नकाशा उघडून सगळ्यांना समजावत बसतो. दोन तास जातात, फासा एकदाही पडत नाही. तीस वर्षांपूर्वी हे विश्व रचणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती.

मूळ खेळ १९७४चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. जुलै १९७७च्या 'ड्रॅगन' मासिकात गायगॅक्स यांनी अनेक विश्वांची मांडणी केली आणि १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात ती परिशिष्टात आली. मधे आपलं जग, भोवती अग्नी, जल, वायू, पृथ्वी यांची विश्वं, पार कडेला देव-दैत्यांची बाह्यविश्वं. आकृती होती, खेळायचं कसं ते नव्हतं. १९८७मध्ये जेफ ग्रब यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. माहिती भरपूर, पण अग्निविश्वात जादूच्या संरक्षणाशिवाय पाऊल टाकलं की पात्र भाजून मेलं, त्यामुळे पहिल्या पातळीच्या पात्रांना तिथे जागाच नव्हती. १९८९च्या स्पेलजॅमर या दुसऱ्या खेळविश्वात ग्रब यांनीच जगाजगांमधून जाणारी जादूची जहाजं आणली. ती वाट वेगळी, मजेशीरही, पण बाह्यविश्वांचा प्रश्न तिने सुटत नव्हता.

तो सुटला १९९४मध्ये. डेव्हिड 'झेब' कुक यांनी प्लेनस्केप रचताना मधोमध एक शहर ठेवलं: सिगिल. (उच्चार 'ग'चाच, 'सिजिल' नव्हे.) कड्यासारखं वळलेलं शहर, मान वर केली की डोक्यावर समोरच्या गल्लीची छपरं. इथून कुठल्याही विश्वात दार उघडतं. लोंढा जंक्शन डोळ्यांसमोर आणा: मिरज, हुबळी, गोवा, तिन्हीकडची माणसं एकाच फलाटावर चहा पितात, कुणाची गाडी कुठली हे गाडी आल्यावर कळतं. सिगिलमध्ये देवांचे चाकर आणि दैत्य असेच एका खाणावळीत बसतात, कारण शहरावर हुकूम चालवणारी वेदनांची राणी खुद्द देवांना शहरात येऊच देत नाही आणि दंगा सहन करत नाही. नवख्या पात्राला जिवंत राहायला जागा मिळाली ती इथे.

दारांचा नियम मात्र बारकाईने वाचावा. चौकट असलेली कुठलीही जागा दार होऊ शकते: कमान, खिडकी, पेटीचं तोंड. उघडायला किल्ली लागते आणि ती वस्तू, शब्द, नुसता विचारही असू शकतो. पहिल्या डावासाठी एकच दार, एकच किल्ली पुरे. उदाहरणार्थ, पडक्या वाड्याची कमान, आणि किल्ली म्हणजे अर्धी जळलेली निपाणीची विडी. खेळाडूने झडती घेतली तर कमानीखाली राख सापडावी. किल्लीची खूण दोन-तीन ठिकाणी पेरून ठेवा. एकाच ठिकाणी ठेवली आणि तिथला फासा चुकला, तर डाव तिथेच अडकतो. शब्दाची किल्ली हवी असेल तर कन्नडमधला 'बागिलु' (दार) ठेवा. आपल्या टेबलावर तो कुणाला ना कुणाला येतोच.

१९९४च्या पुस्तकांत १५ पंथ होते, प्रत्येकाचं जगाबद्दल वेगळं मत. सगळे एकदम आणू नका, दोन भांडणारे पुरतात. भाषेचंही तसंच. मूळ पुस्तकांनी जुन्या लंडनच्या चोरट्यांची बोली उचलली होती. तिचं पुस्तकी मराठी केलं की पाणी होतं. बेळगावच्या बोलीत सिगिलचा दलाल लगेच उभा राहतो: "दार दावतो, खरं परत यायचं तुमचं तुम्ही बघा की."

१९९७मध्ये टीएसआर ही खेळाची मूळ प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि १९९८मध्ये पंथांच्या युद्धाच्या कथेनंतर ही मालिका थांबली. २००८च्या चौथ्या आवृत्तीने विश्वांची मांडणीच बदलली, २०१४च्या पाचवीत जुनी मांडणी परत आली, आणि २०२३मध्ये प्लेनस्केप तीन पुस्तकांच्या संचात पुन्हा निघालं.

इथेच नवे गट फसतात. १९९४चं साहित्य हाती लागतं, नियम मात्र पाचवीचे. जुन्या पद्धतीत चिलखताचा आकडा जितका कमी तितका बचाव चांगला. २०००नंतर हे उलटं झालं. जुन्या राक्षसाचा आकडा ३ असेल तर २०मधून वजा करून १७ धरा, नाहीतर लेचापेचा गडीही त्याला प्रत्येक फटक्याला लोळवतो. तसंच, जुन्या नियमांत घडवलेल्या विश्वापासून दूर नेलं की जादूच्या तलवारीचे प्लस (फाशात मिळवायचा जादा आकडा) कमी होत. पाचवीत ते सोडून द्या.

पाचवीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. त्यात सिगिल नाही आणि पात्राच्या प्रत्येक वर्गाची (योद्धा, जादूगार वगैरे) एकच उपशाखा आहे, पण चार खेळाडू, एक डीएम आणि सात फाशांचा एक संच एवढ्यावर पहिले तीन-चार डाव निघतात. संचात दहा बाजूंचे फासे दोन असतात. एकावर ००, १०, २० असे आकडे दिसले तर तो सदोष समजून परत करू नका. दोन्ही मिळून टाकले की शंभरातला आकडा येतो.